गुरुवार-शुक्रवारची सोय

सोमवारी सकाळी सव्वानऊला शाळेचं फाटक बंद झालं, तेव्हा चुळबुळ आत आलेली नव्हती.

शिपायाने हे बाईंना जिन्यातच सांगितलं. शाळा अर्ध्यावर सोडायला निघालेल्या मुलांना धरून ठेवणं, हे बाईंचं काम. कोणी चार दिवस दिसलं नाही की त्या घरी जाऊन दार वाजवत, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे वॉरंटबाई म्हणत. चुळबुळ हे नाव मात्र शिक्षकांच्या खोलीत पडलेलं. शेवटच्या वर्षाची ही मुलगी बाकावर बसली की पाय हलवायची, पेनाची स्प्रिंग काढायची, शेजारणीच्या कंपासपेटीची बिजागरी सैल करायची आणि मधल्या सुट्टीत कुंपणावरून पसार व्हायची. मुख्याध्यापकांनी तिचं नाव काढायचं ठरवलंच होतं. बाई मध्ये पडल्या. पोरीच्या हाताला काम द्या, डोकं आपोआप ठिकाणावर येईल, असं म्हणून त्यांनी सोय लावली. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी तिने बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात शिकायला जायचं, बाकीचा आठवडा वर्गात बसायचं. गुरुवारचं आमिष दाखवून सोमवार पदरात पाडून घ्यायचा, एवढी साधी युक्ती.

युक्ती लागू पडली. चुळबुळ वर्षभर कुरकुरत का होईना, शाळेत आली. मुख्याध्यापकांनी वरच्या साहेबांच्या बैठकीत या सोयीवर भाषण ठोकलं आणि टाळ्या घेऊन परतले. भाषणात बाईंचा उल्लेख ‘आमच्या कर्मचारी’ असा होता.

परीक्षेची नोंदणी येत्या शनिवारी दुपारी बाराला बंद होणार होती. मुलांनी स्वतः येऊन सही करायची. आली नाही तर वर्ष गेलं. आणि हे वर्ष गेलं की चुळबुळ पुन्हा वर्गात दिसणार नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

बाई तिच्या घरी गेल्याच नाहीत. थेट दुकान गाठलं.

पुढे काचेची कपाटं, मागे पडद्याआड घासायचं चाक. चाकावर पाण्याची बारीक धार, खाली ओला पांढरा भुगा. चुळबुळ स्टुलावर बसून चष्म्याची काच फ्रेमच्या मापाची करत होती. तिचे पाय हलत नव्हते. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं.

“आज सोमवार आहे,” बाई म्हणाल्या.

“माहितीये.”

“मग?”

“मग काय, बाई. काकांनी रोज ये म्हटलं.”

काका म्हणजे चष्मेवाला. तो गल्ल्यामागून लगबगीने आला. “बसा मॅडम. मी तुम्हाला फोन करणारच होतो.”

“कधी?”

“आज-उद्या.”

“आपल्या फक्त दोन दुपारी ठरल्या होत्या.”

“ठरल्या होत्या हो. पण माझा कारागीर गेला ना.”

“कुठे गेला?”

“मीच म्हटलं, जा बाबा आता. हाताला कंप सुटला होता, वर कामाला सदा तोंड वाकडं. ही पोरगी बघा, एक काच वाया घालवत नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, हिला रागावू नका, कौतुक करा, जबाबदारी द्या. दिली.”

तो हे भाबडेपणाने बोलला की बेरकीपणाने, ते बाईंना ठरवता आलं नाही. त्या मुलीकडे वळल्या.

“शनिवारी येऊन सही कर. अर्ध्या तासाचं काम आहे. एकदा परीक्षा होऊ दे, मग खुशाल बस इथे.”

“आणि नापास झाले की?”

“पुन्हा बसशील.”

“तेच तर नकोय मला.” तिने काच उजेडात धरली. “इथे मला कुणी चुळबुळ म्हणत नाही, बाई.”

ते नाव शिक्षकांच्या खोलीबाहेर गेलेलं नाही, अशी बाईंची समजूत होती.

“इथे नावाने हाक मारतात,” मुलगी म्हणाली. “चुळबुळ तर तुम्हीपण म्हणता. मी ऐकलंय.”

बाईंनी नाही म्हटलं नाही. मग त्या म्हणाल्या, “डोळे तपासायला शिकायचं म्हणत होतीस. त्या शिक्षणाला ही परीक्षा लागते. नाहीतर दुसऱ्याने काढलेल्या नंबरांच्या काचा घासत बसशील. आणि उद्या तुझ्या हाताला कंप सुटला की काका तुलाही जा म्हणतील.”

चाक थांबलं.

“काय बोलता मॅडम,” चष्मेवाला म्हणाला. “लेकीसारखी आहे ती मला.”

“आणि कारागीर कुणासारखा होता?”

चष्मेवाला काउंटर पुसायला निघून गेला. आधीच पुसलेला होता.

“बघते,” मुलगी म्हणाली. तिने चाक पुन्हा सुरू केलं.

परत जाताना बाई तिच्या आईला भेटल्या. आई लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. वाफेतून हात पुसत बाहेर आली आणि बाईंनी तोंड उघडण्याआधीच हात जोडून उभी राहिली.

“तुमचे उपकार कसे फेडू, बाई? माझ्या जावेची पोर हातची गेली. माझी तुम्ही मार्गी लावलीत.”

“मी तिला शाळेत टिकवायला तिथे पाठवलं होतं, ताई. कामाला लावायला नाही.”

समोरचा उगाच मोठेपणा नाकारतोय असं वाटलं की माणूस हसतं, तशी आई हसली. “लागलीच आहे तर आता काढू नका हं. घरात कटकट नाही, रात्री झोप लागते तिला. मला दुसरं काय हवंय?”

बाई शाळेच्या वाटेला लागल्या.

मंगळवारी बाईंनी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा घोट पूर्ण केला. “गेली तर गेली हो. परीक्षेलाच बसली नाही तर नापासांत धरली जाणार नाही. आपला निकाल सुरक्षित. आपण प्रयत्न केले.”

“मी केले, सर.”

“तेच. बरं, त्या चष्मेवाल्याला विचारा, आणखी एक-दोघं घेईल का. खालच्या वर्गातले ते दोन महाभाग फार डोकं खातात.”

“सर, आपण पोरगी फुकट शिकायला दिली म्हणून त्याने म्हातारा कारागीर घरी बसवला.”

“बघा, म्हणजे माणूस सहकार्य करणारा आहे.”

बाई उठल्या. बुधवारपासून त्यांनी मुलीला रोज फोन लावला. वाजत राहायचा. गुरुवारी एकदा उचलला गेला, पलीकडून चाकाचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

शनिवारी त्या सकाळपासून नोंदणीच्या खोलीबाहेर बसून होत्या. वर्गातली बाकीची मुलं सह्या करून गेली. अकरा वाजून गेल्यावर त्यांनी दुकानात फोन केला.

चष्मेवाला वैतागलेला होता. मुलगी सकाळी शाळेच्या कपड्यांत आली. कालचा राहिलेला एक चष्मा बसवून दिला, येते म्हणाली आणि बाहेर पडली. कुठे, ते सांगितलं नाही.

“तुमच्याकडे असेल तर लवकर पाठवा मॅडम. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“कधी निघाली?”

“झाला की पाऊण तास.”

बाजारातून शाळेत चालत यायला त्याच्या निम्माही वेळ लागत नाही. ती लॉन्ड्रीत गेलेली नाही, आईला विचारून झालं. फोन बंद आहे. पावणेबारा होत आलेत, आणि आतल्या कारकुनाने खुर्च्या आवरायला घेतल्या आहेत.