नाओआजींचा दगड

२०२२ सालची गोष्ट. धर्मापुरीच्या मल्लिनाथअप्पांनी त्या वर्षी शेवटचा दगड कोरला. समाधीचे दगड अन् घरांवरच्या पाट्या कोरण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. आता हात कापायला लागला होता.

पण हा दगड कोरायचाच होता. त्यांची लेक रोहिणी जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेलेली. तिथल्या नाओआजींनी तिला लेकीसारखं जपलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. फोनवर अप्पांची छिन्नी चालताना बघून म्हातारी म्हणाली होती, "माझं नाव याच हातानं कोरा." ती गेली. जपानीत तिचं नाव एकाच अक्षराचं, ते रोहिणीनं फोनवर धाडलं. सुट्टीवरून परतताना ती दगड सोबत नेणार होती.

अप्पांची रीत ठरलेली. परळीत रुद्रेशच्या दुकानात अक्षर मोठं छापून घ्यायचं, कागद दगडावर चिकटवायचा अन् त्यावरून छिन्नी धरायची. रुद्रेशच्या कॉम्प्युटरवर 'ल' हिंदी वळणाचा यायचा. "काय बे, हा ल इंदूरहून मागवला का?" असं म्हणत अप्पा कोरताना त्याला आपलं मराठी वळण द्यायचे.

या एका अक्षराला महिना लागला. नीलम्मा शेजारी बसून नवऱ्याचं मनगट धरून ठेवायची.

रोहिणी आली. दगडावरचं फडकं काढलं अन् तिचा चेहरा उतरला.

"लई सुरेख झालंय, अप्पा," ती म्हणाली. चुलीपाशी आल्यावर मात्र आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "आई, हे चिनी वळण हाय, जपानी न्हाई. कॉम्प्युटरमधून अक्षराचा नुसता नंबर जातो. दोन्ही देशांचा नंबर एकच. रूप ज्याच्या त्याच्या मशीननं द्यायचं. आपल्या अन् हिंदीच्या ल चं असतं ना, तसंच. माझ्या फोनवर जपानी दिसलं, रुद्रेशकडं चिनी निघालं."

"त्यास्नी सांगू नगंस बाई," नीलम्मा म्हणाली.

दोघी बाहेर आल्या, तर अप्पा दगडापाशी बसलेले. म्हातारीनं मरणाआधी आपल्या हातानं नाव लिहून दिलेलं कार्ड रोहिणीनं त्यांच्यासाठी आणलं होतं. ते त्यांनी अक्षराशेजारी धरलं होतं.

"हितं डावीकडं उभी रेघ हाय. मी काढलीच न्हाई. अन् या दोन नको तितक्या खाली गेल्या. कोरल्यालं काय भरून येतंय?"

"ऱ्हाऊ द्या, अप्पा."

त्यांनी कोरा दगड ओढला, छिन्नी उचलली. नीलम्मानं मनगट धरलं. तरी छिन्नी थरथरतच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"ल माज्या वळखीचा होता गं, म्हणून सुधारता आला. ही बाई माज्या वळखीची न्हवती."

रोहिणीनं तोच दगड नेऊन नाओआजींच्या थडग्यापाशी ठेवला. ती अजून तिकडंच आहे. रुद्रेशनं दगड कोरायचं मशीन आणलं. अप्पा २०२४ च्या श्रावणात गेले. त्यांच्या समाधीचा दगड त्याच मशीनवर कोरला. 'मल्लिनाथ' मधला ल हिंदी वळणाचा आला.

नीलम्माला अक्षरं फार येत नाहीत. ल तेवढा येतो. दोघांच्याही नावात आहे म्हणून लग्नानंतर अप्पांनी शिकवला होता. दर सोमवारी ती समाधीवर बेल वाहते अन् त्या ल वर बोट फिरवते, आपल्या वळणानं.