वरचे वर, खालचे खाली

लसाविबाई फळ्यावर हाताने गोल काढायच्या, तो एवढा गोल असायचा की एकदा एक मुंगी त्यावर चढली आणि शाळा सुटेपर्यंत फिरतच राहिली. सुरुवात कुठली नि शेवट कुठला, बिचारीला कळेच ना. शेवटी शिपायाने तिला खडूच्या टोकावर घेऊन खिडकीत सोडली, तेव्हा कुठे ती घरी गेली. खोटं वाटत असेल तर शिपायाला विचारा. तो हल्ली आपल्याला ऐकू येत नाही म्हणून सांगतो, पण ते नाटक आहे.

बाई वर्गात शिरल्या की बाकं आपली आपण ओळीत यायची. बेरजेतले अपूर्णांक बाईंना बघून आधीच छेद समान करून बसायचे. "आधी लसावि काढा," हे त्या उठता बसता म्हणत, म्हणून मुलांनी नावच पाडलं लसाविबाई. ते नाव इतकं चिकटलं की मुख्याध्यापिकासुद्धा एकदा सभेत तेच बोलून गेल्या आणि मग पदर तोंडाला लावून बराच वेळ खोकल्या.

घरात बाई आणि त्यांची नणंद, दोघीच. बाईंचे यजमान केव्हाच गेले होते. नणंदेने लग्न केलं नव्हतं. मला ओरडायला शाळेत पोरं आहेत की, म्हणायची. ती त्याच शाळेत खालच्या वर्गांना गणित शिकवायची. पन्नाशी उलटली, चष्म्याला साखळी आली, तरी घरात तिचं नाव बेबीच. दिवसभर दोघींचं एकच भांडण, खिडकी उघडी ठेवायची की बंद. बेबीला वारा हवा असायचा, बाईंना तो सोसायचा नाही. शाळेत मात्र एकाच छत्रीखालून जायच्या.

आणि अशा या बाईंच्या डोक्यातून आकडे निघून जायला लागले.

एका सकाळी फळ्यावर गणित सोडवताना सात आठे आले नाहीत. बाई थांबल्या, वाट बघितली. लहानपणापासून बोलावल्याबरोबर येणारे ते छप्पन्न, पण त्या दिवशी नाहीच आले. बाईंनी खोकल्याचं निमित्त केलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला फळ्यापाशी बोलावलं. "तू सोडव बघू." मुलीने सोडवलं. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी. मग रोजच कुणीतरी. मुख्याध्यापिका दारातून बघून गेल्या आणि खूश झाल्या. बाईंनी या वयात पद्धत बदलली, मुलांनाच फळ्यापाशी आणतात, शिका जरा यांच्याकडून, असं त्यांनी बाकीच्यांना ऐकवलं.

बेबीला सांगायचं नव्हतं असं नाही. पण बेबीला सांगितलं की ते खरं होणार, अशी बाईंना भीती होती. गंज चढला असेल, त्या स्वतःला म्हणायच्या. घासलं की निघेल.

तेवढ्यात प्रशिक्षणाचा आदेश आला. गणिताच्या सगळ्या शिक्षकांनी हजर राहायचं. आता प्रशिक्षण म्हटलं की शिक्षक काय काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेतल्या एका सरांनी प्रशिक्षणं चुकवण्यासाठी एकाच मावशीला इतक्यांदा पोचवलं होतं, की ती खरंच वारली तेव्हा रजेच्या अर्जावर साहेबांनी 'पुन्हा?' एवढंच लिहिलं. पण बाई म्हणाल्या, मी जाते. शिक्षकांच्या खोलीत कपबशा हातातच राहिल्या.

"बरं वाटत नाहीये का तुला?" बेबीने विचारलं.

"उजळणी होईल," बाई म्हणाल्या.

"तुला उजळणी? मग आम्ही काय पाटी घेऊन बसावं?"

बाईंनी मनाशी ठरवलं होतं. तिथे सगळं पहिल्यापासून घेतील, मीही पहिल्यापासून बसेन, आणि गेलेलं परत येईल. नाहीच आलं, तर परतीच्या बसमध्ये बेबीला सांगायचं.

प्रशिक्षण एका शाळेतच होतं, लहान मुलांच्या वर्गात. बाकं एवढी बुटकी की गुडघे हनुवटीला लागत होते. एक जाडे सर बाकात बसले ते बसले, चहालाही उठले नाहीत; उठता येत नव्हतं. प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळाली, तीत रंगीत कागदाच्या पट्ट्या. मार्गदर्शक साहेब हसतमुख माणूस. पट्ट्या हातात घेऊन असे फिरत होते, जणू त्या त्यांनीच जन्माला घातल्यात. बेबीने बसल्या बसल्या त्यांचं नाव पट्टीवाले ठेवलं.

"आज तुम्ही शिक्षक नाही," पट्टीवाले म्हणाले. "आज तुम्ही पाचवीतली मुलं. मुलं चुकतात तसं चुकून दाखवायचं. मग बाकीच्यांनी सांगायचं, हे मूल काय विचार करत असेल."

फळ्यावर त्यांनी लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन.

आधी जाडे सर बसल्या जागेवरून म्हणाले, "सत्तावीस." सगळे हसले. पट्टीवाले म्हणाले, "सर, असं कुठलं मूल चुकत नाही. मूल चुकतं तेव्हा त्याला वाटत असतं, आपलं बरोबर आहे."

बाई उठल्या. चुकून दाखवायला त्या उठल्याच नव्हत्या. खेळ गेला खड्ड्यात, त्यांना ते गणित बरोबर सोडवायचं होतं, सगळ्यांच्या देखत, एकदाच. खडू हातात घेतल्यावर बरं वाटलं. त्यांनी अर्ध्याकडे बघितलं, तिसऱ्या भागाकडे बघितलं, जीव लावून बघितलं. आणि उत्तर आलं. आपसूक आलं, पूर्वी यायचं तसंच. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, दोन छेद पाच.

"कसं केलंस, बाळ?" पट्टीवाल्यांनी विचारलं.

"वरचे वर मिळवले," बाई म्हणाल्या, "खालचे खाली." आणि हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

टाळ्या वाजल्या. बाकं बडवली गेली. टाळ्या वाजल्या तेव्हा बाईंना कळलं की उत्तर चुकलंय.

"तो चेहरा बघितलात?" पट्टीवाले सांगत होते. "शंकेचा कण नाही. याला म्हणतात मुलाच्या जागी जाऊन बसणं."

बेबी मागच्या बाकावरून सगळ्यांना सांगत होती, "माझी वहिनी आहे ती. घरीसुद्धा अशीच, एकदम अट्टल नाटकी."

मग पट्टीवाल्यांनी पट्ट्या लावून दाखवलं. ही अर्धी पट्टी. हिला तिसरा भाग जोडला. आणि ही दोन छेद पाच. ही तर अर्ध्याहूनही आखूड. "मिळवल्यावर कमी कसं होईल?" ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई पट्ट्यांकडे बघत राहिल्या. लाल पट्टी, हिरवी पट्टी, निळी पट्टी. एक क्षण सगळं लख्ख दिसलं, अरे हो, लसावि, सहा. त्यांनी पिशवीतून पेन काढलं. पेनाचं टोपण निघेपर्यंत ते गेलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या पट्टीवाल्यांपाशी गेल्या. हात धुवायच्या नळापाशी दोघंच होते.

"साहेब, मगाशी मी नाटक करत नव्हते. मला ते येतच नव्हतं."

पट्टीवाल्यांनी हात पुसले. त्यांचे डोळे भरून आले. "बाई, हे तुम्ही सगळ्यांसमोर बोलाल? मी कित्येक वर्षं हेच सांगतोय. शिक्षकाला विसरता आलं पाहिजे."

"मला विसरायचं नाहीये," बाई म्हणाल्या.

"वा," साहेब म्हणाले, आणि खिशातला मोबाइल काढून ते वाक्य टिपून घेतलं.

जेवणानंतर त्यांनी व्हिडिओ काढायचं ठरवलं. सगळ्या शाळांना पाठवायचा, शिक्षकांनी बघायचा. बाईंना पुन्हा फळ्यापाशी उभं केलं. बाईंनी पुन्हा गणिताकडे बघितलं आणि पुन्हा तेच केलं, वरचे वर, खालचे खाली, तेवढ्याच विश्वासाने. पुन्हा टाळ्या वाजल्या. "आता तुम्हीच बरोबर करून दाखवा," साहेब म्हणाले. बाईंनी खडू वर नेला. तिथेच धरून ठेवला. वर्गात कुणाला हसू आवरेना. जाडे सर म्हणाले, "बाई सुटायला तयार नाहीत भूमिकेतून." खडू वरच होता. शेवटी साहेबांनीच हात केला, "राहू दे, राहू दे, पुढचं दुसऱ्या बाई करतील." दुसऱ्या बाई म्हणजे बेबी. बेबीने साखळी सावरली, वहिनीच्या हातातून खडू घेतला आणि झटक्यात सोडवून टाकलं. छेद सहा, तीन अधिक दोन, पाच छेद सहा.

परतीच्या बसमध्ये बेबीची टकळी थांबेना. जाडे सरांना बाकातून काढायला सुतार बोलवावा लागला आणि सुताराने आधी सरांचंच माप घेतलं, हे ती पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईलाही सांगत होती. बाई खिडकीशी होत्या. खिडकी उघडी होती, आणि त्यांनी ती बंद कर म्हटलं नव्हतं.

"बेबी, ते नाटक नव्हतं."

"हो का. मग मीही महाराणी आहे, मुकुट घरी विसरले एवढंच."

"सात आठे किती गं?"

"वहिनी, पुरे आता."

"मी तुला विचारतेय," बाई म्हणाल्या. "मला सांग. मला माहीत नाहीये."

बेबीने वहिनीकडे बघितलं. पिशवीतल्या पट्ट्या काढून तिने मांडीवर मांडल्या. ही अर्धी. हा तिसरा भाग. हे बघ, अर्ध्यात असे तीन तुकडे, या दुसऱ्यात दोन. मिळून किती? बाई बघत होत्या, शहाण्या मुलीसारख्या. किती, वहिनी? बेबीने पट्ट्या उचलल्या, पुन्हा मांडल्या. आवाज वर्गातला झाला, मग वर्गातलाही राहिला नाही. वाऱ्याने एक हिरवी पट्टी उडाली ती कुणाच्या तरी पायाखाली गेली. त्यांचा स्टॉप आला आणि गेला, दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"रंग छान आहेत," शेवटी बाई म्हणाल्या. बेबीचा हात त्यांनी थोपटला, समजूत काढावी तसा.

तो व्हिडिओ खूप गाजला. जिथे जिथे गणित शिकवतात तिथे तिथे पोचला. बाई घरी बसल्या तेव्हा तो ऐन भरात होता. कुठल्या कुठल्या शाळांतून निरोप यायचे, त्या चुकणाऱ्या बाईंना आमच्याकडे पाठवा. बेबी सगळ्यांना सांगायची, त्यांना वेळ नसतो. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं होतं ते ती कुणापाशी बोलायची नाही. खिडकी आता दिवसभर बंद असायची, वहिनीने सांगण्याआधीच.

संध्याकाळी बाईंना करमायचं नाही. त्या भिंतीवर बोटाने गोल काढत बसायच्या, अजून तसेच गोल. मग बेबी मोबाइल पुढे धरून तो व्हिडिओ लावायची. बाई मन लावून बघायच्या.

"ही बाई फार छान शिकवते," त्या म्हणायच्या. "कसं स्वच्छ सांगतेय बघ. वरचे वर, खालचे खाली. ओळखीची आहे का तुझ्या?"

"आहे थोडी."

पहिल्यांदा बेबीने तो शेवटपर्यंत चालू दिला होता. साखळीच्या चष्म्याची बाई पुढे आली, पहिलीच्या हातातून खडू घेतला, तिने लिहिलेलं पुसलं. लसाविबाई रडवेल्या झाल्या. "ही कोण? का पुसतेय? बरोबर होतं तिचं," त्या परत परत म्हणत राहिल्या, आणि बेबी, जिने जन्मभर हजार पोरांच्या वहीत लाल फुली मारली, ती म्हणाली, "हो वहिनी, बरोबर होतं."

आता ती टाळ्या संपल्या की बंद करते.

"पुढे काय होतं?" बाई विचारतात.

"पुढे काही नाही," बेबी सांगते. "एवढंच आहे."