पलीकडचा भारा

गाय पहाटेपासून अडली होती. वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. म्हातारीनं कोपरापर्यंत तेल लावून दोनदा हात घातला, पण बोटांत पूर्वीची ताकद राहिली नव्हती. हे काम ओढ्यापलीकडे, तिच्या माहेरी राहणाऱ्या धाकट्या भावाचं. अडलेली गुरं सोडवण्यात ओढ्याच्या दोन्ही काठांवर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

पण तीन वर्षांपूर्वी ओढा म्हणजे हद्द झाली, अन् दोन्ही काठांवर खांब रोवून भोंगे बसले. अलीकडचा भोंगा सांगे, पलीकडचे लोक आपल्या गुरांना विष घालतात. पलीकडचा सांगे, अलीकडे काडीचा चारा नाही, माणसं झाडाच्या साली उकडून खातात. दोन्ही भोंगे दोन्ही काठांवर ऐकू येत, पण ज्यानं त्यानं आपापलाच खरा मानला.

म्हातारीनं ओढ्याकाठच्या झाडावर लाल चादर टाकली. गाय अडलीय, ये, अशी ती बापाच्या वेळेपासूनची खूण. थोड्याच वेळात भाऊ खांद्यावर दोरी टाकून गुडघाभर पाण्यात उतरला. अन् अलीकडून तिचा लेक काठी घेऊन आडवा आला.

“मामा, तिथंच थांबा.”

“अरे, वासरू गुदमरेल. घटकाभराचं काम आहे. हवं तर तूच माझे हात धू.”

“हातावरचं धुतलं जाईल. मनातलं कसं धुवायचं?”

हे बोलणं त्याचं नव्हतं. काल संध्याकाळी भोंगा बोलला होता, शब्दाला शब्द.

“याच मामानं तुला खांद्यावर बसवून हा ओढा ओलांडलाय रे,” म्हातारी म्हणाली.

“तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं, आई.”

भावानं पाण्यातूनच मान उंचावून गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “ताई, गाईत त्राणच उरलं नसेल गं. पोटाला नसलं की कळा देता येत नाहीत.”

“अरे, चाऱ्यानं माळा भरलाय माझा. खोटं कशाला सांगू?”

भावानं भाच्याच्या काठीकडे पाहिलं अन् आवाज उतरवला. “तुला असंच म्हणावं लागत असणार. कळतं मला.” अन् डोळे पुसत माघारी गेला.

दुपारी गाय गेली. अडली गाय फटके खाय म्हणतात. हिला फटके मारायलाही कुणी धजलं नाही. ती नुसती म्हातारीकडे बघत राहिली. संध्याकाळी अलीकडच्या भोंग्यानं सांगितलं, पलीकडच्यांनी विष घालून गाय मारली. आता तरी लेक उठून खरं बोलेल असं म्हातारीला वाटलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होता, “मामा ओढ्यात उतरला होता. मी स्वतः पाहिलं.” यात खोटं काहीच नव्हतं, तेच म्हातारीला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी अलीकडच्या काठावर हिरव्या मक्याचा भारा पडलेला होता. बांधला होता गाई सोडवायच्या त्या दोरीनं. म्हातारीनं तो डोक्यावरून घरी आणला. गोठ्यातली कालवड दाव्याला हिसके देऊ लागली. लेकानं काडेपेटी काढली.

“तिला घालू नकोस. विष असेल त्यात.”

म्हातारी वाद घालत बसली नाही. तिनं भाऱ्यातलं मक्याचं एक ताट उपसलं, उंबऱ्यात बसली अन् उरल्यासुरल्या दातांनी चावून रस गिळला. लेक त्या दिवशी रानात गेला नाही. समोर बसून राहिला. दोनदा पाणी आणून दिलं, एकदा कपाळाला हात लावून पाहिला. आईवर त्याचा जीव होता, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

सकाळी म्हातारी नेहमीसारखी उठली, गोठा झाडला, शेण काढलं.

“बघितलंस ना? धडधाकट आहे मी. आता तरी कालवडीला घालू दे.”

लेकानं तिला खालीवर न्याहाळलं, जणू प्रथमच बघत होता.

“तुला कसं बाधेल, आई?” तो म्हणाला. “तू तिकडचीच ना.”

अन् त्यानं काडी ओढली.