एकाच माणसाची चाल

दुरुस्ती झाली आणि गेममधली सगळी माणसं सरळ चालू लागली. पण ते अजून झालंच नाही असं धरू, कारण आत्ता त्या गल्लीतून वाचून आलेल्या ताईंनी स्क्रीनवर बोट टेकवलंय आणि ते बोट हलायला तयार नाही.

"एवढे कशाला?" त्या म्हणाल्या. "आमचा एकच होता."

स्क्रीनवर त्यांची गल्ली होती, तोफगोळा पडला त्या सकाळची. पाववाला डावा पाय ओढत चालला होता. शाळेची मुलगी डावा पाय ओढत होती. नाक्यावरचे शिपाई, ज्यांना बघून पळायचं, तेही डावा पाय ओढत गस्त घालत होते.

"आम्हाला वाटलं, रस्ता खराब असेल," प्रोग्रॅमर म्हणाला. वर्तमानपत्राच्या त्या ऑफिसात त्याला सगळे बग्या म्हणत.

संपादकबाईंनी चष्मा पुसला. युद्धाची बातमी गेममधून सांगायची, तर पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या गल्लीत चालणाऱ्या माणसाचा खरा व्हिडिओ एकच मिळाला होता. आदल्या वर्षीचा, कुणीतरी गच्चीवरून काढलेला, पाठमोरा. म्हणून तीच चाल सगळ्यांना दिली. नियम काटेकोर पाळला गेला होता.

"तो माझा दादा. लहानपणी झाडावरून पडला. सांगायचा मात्र, झाडच अंगावर पडलं."

बग्याला हसू आलं, मग ते कुठे ठेवावं कळेना.

"चूक आमची," संपादकबाई म्हणाल्या. "ती चाल लगेच काढून टाकतो."

"काढून? मग तो कुठे जाईल?"

ताईंनी बग्याच्या हातातला कंट्रोलर घेतला. त्या मुलीच्या मागे गेल्या, पाववाल्याच्या मागे गेल्या, मग एका शिपायाच्या अगदी पाठीशी. शिपायानं वळून गोळी घातली. बग्यानं मुकाट्यानं गेम पुन्हा सुरू करून दिला. त्या परत त्याच शिपायाच्या मागे गेल्या.

"खऱ्याला तरी राहू द्या," त्या म्हणाल्या.

"ठेवू ना," संपादकबाई म्हणाल्या. "पण त्या सकाळी तो तिथे होता, हे सांगणारे बातमीला दोघं लागतात. एक तुम्ही. दुसरं कोण होतं?"

"दुसरा तोच."

संपादकबाईंनी खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली.

"चूक कळवायची सोय असते ना तुमच्यात?" ताईंनी विचारलं.

"असते की." बग्यानं कीबोर्ड ओढला. "सांगा, गेममधलं काय चुकलंय?"

"गेममधलं नाही."

बग्यानं संपादकबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "लिही."

ताई उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि सांगू लागल्या:

"प्रति, तोफखाना प्रमुख. सदर गल्लीतील एका रहिवाशाचा डावा पाय अधू असल्याने त्यास रस्ता ओलांडण्यास इतरांपेक्षा वेळ लागतो. तरी तोफगोळा किंचित उशिरा पाडण्यात यावा, ही नम्र विनंती."