भिंतीकडे तोंड

आमचं दुकान तिजोऱ्यांचं आहे. आम्ही तिजोऱ्या विकतो, दुरुस्त करतो, आणि मालक आकडा विसरला तर उघडूनही देतो. या शेवटच्या कामाला मागणी सगळ्यात जास्त. माणूस तिजोरी घेताना दहादा विचार करतो आणि आकडा मात्र घरी पोचेपर्यंत विसरतो.

दुकानात एक नियम आजोबांपासून चालत आलाय. कोणी आकडा लावत असेल तर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. गिऱ्हाइकाने तबकडीला हात घातला की आम्ही सगळे वळतो. नव्या माणसाला वाटतं, यांना राग आला की काय. शिवाय कोणाच्या आकड्याबद्दल चौकशी करायची नाही. काय आहे हे तर नाहीच, पण कधी लावला, बदलला का, हेही विचारायचं नाही. मी बोलायच्या आधी भिंतीकडे वळायला शिकले, असं आई सांगते. आईला हे कौतुकाने सांगायचं असतं की तक्रार म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

तर या दुकानात मी सॉफ्टवेअर आणलं. त्याआधी गिऱ्हाइकांच्या तक्रारी बाबांच्या डोक्यात राहायच्या, आणि बाबा जेवायला गेले की तक्रारीही त्यांच्याबरोबर जेवायला जायच्या. सॉफ्टवेअरचं काम सरळ होतं. दुकानाच्या मेलवर जे येईल ते त्याने उचलायचं, त्याची तक्रार बनवायची, आणि कोणाकडे कोण कधी जाणार ते दाखवायचं. जोडणी नीट असली की कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो आणि तुटली की लाल.

मेलचा पासवर्ड फक्त बाबांकडे. रोज सकाळी शटर वर केलं की ते पहिल्यांदा मेल उघडतात. सॉफ्टवेअर जोडायच्या दिवशी ते माझ्या खुर्चीत बसले, मी भिंतीकडे वळले, त्यांनी दोन बोटांनी पासवर्ड टाकला आणि ते उठले. ठिपका हिरवा झाला. मी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका लाल.

पुन्हा बाबा बसले, पुन्हा मी वळले, पुन्हा हिरवा. तिसऱ्या दिवशी लाल. असं रोज चाललं. त्यात जोडणी नव्याने झाली की सॉफ्टवेअर जुनी मेलं पुन्हा नवी समजायचं आणि प्रत्येकाला उत्साहाने कळवायचं, 'आपली तक्रार मिळाली, धन्यवाद.' एका सोनाराने शेवटी उलट विचारलं, 'माझी तक्रार तुम्हाला अजून किती वेळा मिळणार आहे?' या मेलचीही तक्रार बनली आणि त्यालाही धन्यवाद गेले.

सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीच्या नंबरावर एक गृहस्थ भेटायचे. मी त्यांचं नाव थंडोबा ठेवलं होतं. माझा पारा जितका चढेल तितका त्यांचा आवाज गार व्हायचा.

"मॅडम, एकदा बंद करून चालू केलंत का?"

"केलं."

"इंटरनेट?"

"चालू आहे. त्यावरूनच बोलतेय तुमच्याशी."

"आणि पासवर्ड कोणी बदलला का?"

"नाही हो," मी म्हणायचे. दर वेळी म्हणायचे. बाबांना विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे ते विचारत नाहीत. थंडोबांनी मग सर्व्हर तपासला, पोर्ट बदलून बघितला, मला तीन प्रकारच्या सेटिंगमधून फिरवून आणलं, आणि सकाळी ठिपका लाल.

माझा जीव एवढा टांगणीला लागायचं कारण ठिपका नव्हता. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. हॉटेलांच्या दारांची कुलुपं बनवतात, कार्ड लावलं की उघडणारी. काम चांगलं, माणसं शिकलेली, भिंतीकडे कोणी तोंड करत नाही. त्यांना शनिवारी रात्रीपर्यंत उत्तर हवं होतं. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते एका जुन्या तिजोरीच्या बिजागरीत तेल घालत होते. "विचार कर," म्हणाले, आणि तेल घालत राहिले.

मी विचार केला होता. कॉलेज संपल्यापासून मी या दुकानात होते. लोक मला मालकीणबाई म्हणायचे आणि मालकीणबाईंना रोज सकाळी स्वतःच्या दुकानाची मेल उघडून मिळायची वाट बघावी लागायची. मला ते बोचायचं. मी मनाशी ठरवलं, शनिवारपर्यंत हे सॉफ्टवेअर चाललं तर इथे माझं काहीतरी आहे म्हणायचं. नाही चाललं तर जायचं. आयुष्याचा निर्णय एका ठिपक्यावर सोडणं शहाणपणाचं नाही, हे मला कळत होतं. पण बाबांना सरळ विचारण्यापेक्षा ते सोपं होतं.

शनिवारी थंडोबांनी सुचवलं, "मॅडम, हे संध्याकाळनंतर कधीतरी तुटतंय. आज दुकान बंद होईपर्यंत आपण फोनवर राहू. मी इकडून बघतो, तुम्ही तिकडून बघा."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. एरवी आवराआवरीआधीच मी माझा कॉम्प्युटर बंद करते. त्या दिवशी चालू ठेवला. ठिपका हिरवा होता.

बाबांनी दुकान आवरायला घेतलं. शटर अर्ध्यावर ओढलं. मांडलेल्या तिजोऱ्यांपाशी ओळीने जाऊन प्रत्येकीची तबकडी फिरवून ठेवली. दुकानाच्या स्वतःच्या मोठ्या तिजोरीचा आकडा ते रोज बदलतात, तेव्हा मी भिंतीकडे वळले. मग ते त्यांच्या कॉम्प्युटरपाशी बसले. मी भिंतीकडेच होते. दोन बोटांची टकटक ऐकू आली. ही टकटक मी रोजच ऐकते. मला वाटायचं, मेल बंद करताहेत.

"मॅडम," फोनमधून थंडोबा म्हणाले, "तुटलं. आत्ता. तिकडे कोणी काही केलं का?"

मी वळून बघितलं. ठिपका लाल होता. बाबा चष्मा पुसत होते.

मी जन्मात पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. "बाबा, तुम्ही पासवर्ड बदललात?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्यांचा पगार विचारला. "दुकान बंद करतोय मी," ते म्हणाले. "आकडा बदलल्याशिवाय दुकान बंद होतं का?"

"रोज बदलता?"

"रोज. आणि शिळा आकडा ठेवू?"

मग थंडोबा म्हणाले, "अच्छा." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"अहो बाबा, सॉफ्टवेअर तोच पासवर्ड घेऊन रात्रभर मेल आणतं. तुम्ही बदललात की त्याला आत जाता येत नाही."

"म्हणजे?" बाबांनी चष्मा चढवला. "मी टाकलेला आकडा त्याने ठेवून घेतला?"

"हो. त्याशिवाय कसं चालणार?"

"मी तुला दार उघडून देत होतो. त्या दिवसापुरतं. तू किल्लीची नक्कल करून घेतलीस? आणि दिलीस कोणाला? कुठला हा? कोणाच्या ओळखीचा?"

"सर, नमस्कार," थंडोबा म्हणाले.

बाबांनी फोनकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे सगळं ऐकताहेत?"

"सर, आपण सॉफ्टवेअरला वेगळी किल्ली देऊ शकतो. ती फक्त मेलपुरती. पण मुख्य पासवर्ड बदललात की तीही रद्द होते."

"होणारच," बाबा म्हणाले. "मुख्य कुलूप बदललं की नकला मेल्याच पाहिजेत. बरोबर केलंय त्यांनी." कॉम्प्युटरबद्दल ते पहिल्यांदा चांगलं बोलले.

"म्हणून सर, रोज बदलू नका. एवढंच करायचंय."

"म्हणजे रात्रभर तबकडी तशीच सोडून जाऊ?"

आता माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "नका सोडू. बदला रोज. आणि रोज सकाळी मी दारात उभी राहते, तुम्ही येऊन उघडून द्या. इतकी वर्षं भिंत बघतेय. तिथला रंग कुठे कुठे उडालाय ते मी न बघता सांगेन. या दुकानातलं मला एवढंच माहीत आहे. अनोळखी सॉफ्टवेअरचं सोडा, मी तरी तुमच्या ओळखीची आहे का?"

बाबांनी अर्धं शटर बघितलं, मोठी तिजोरी बघितली, आणि मग स्वतःचे हात बघितले.

"माझ्या बाबांनी मला या तिजोरीचा आकडा सांगितला तेव्हा ते दवाखान्यात होते," ते म्हणाले. "कान जवळ आण म्हणाले. सांगितला. सकाळी गेले. तोवर मीही भिंतीकडेच तोंड करून होतो." ते थांबले. "मला वाटायचं, तुला सांगितला की झालं. मग माझं इथे काय काम?"

मला वाटत होतं ते माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते मरायला घाबरत होते. इतक्या वर्षांत हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

"मला सांगू नका बाबा," मी म्हटलं. "राहू दे."

"नाहीच सांगणार." मेल उघडी ठेवून ते खुर्चीतून उठले. खुर्ची माझ्याकडे फिरवली. "बस. आज तू बदल. आणि मला सांगू नकोस."

"मग सोमवारी मेल उघडणार कोण?"

"ते तू बघ," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मी बसले. आकडा बदलायच्या वेळी बाबांची पाठ मला कधी दिसली नव्हती. सदऱ्याची कॉलर मागून विरली होती. हात पाठीशी बांधून ते शाळेतल्यासारखे ताठ उभे होते. पासवर्ड म्हणून काय टाकावं, मला एकही शब्द आठवेना. शेवटी टाकला. दोनदा टाकला, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि पहिल्यांदा चुकला. काय टाकला ते विचारू नका.

टेबलावरचा फोन खाकरला.

"मॅडम, परत टकटक ऐकू आली. आता पासवर्ड कोणी बदलला का?"

"हो," मी म्हटलं. "मी बदलला."