ताईच्या दारावरची जुनी बेल

फ्यूजने बहिणीच्या घरात चोरी केली ती भरदुपारी, तिच्याच शिडीवर चढून, तिनेच केलेला चहा पिऊन. शिडी हलू नये म्हणून खाली धरून उभी होती तीही बहीणच. चोरलेला माल त्याने तिच्यासमोर पिशवीत टाकला, आणि तिने वर थँक्यू म्हटलं. घरी जाताना फ्यूज चालत नव्हता, उडत होता.

फ्यूज हे काही त्याचं खरं नाव नाही. त्याचं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान आहे, पण नाव त्याआधीचं. नऊ वर्षांचा असताना त्याने घरचा रेडिओ ‘आत माणसं कुठे बसतात ते बघायला’ उघडला आणि अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले. आता पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, नाव तेवढं जागच्या जागी आहे.

तर चोरी कशासाठी? या घरात एक रीत आहे. वर्षअखेरच्या सुट्टीत एका रविवारी सगळे ताईकडे जमतात आणि एकमेकांना भेटी देतात. विकतचं काही चालत नाही. भेट हाताने करायची, कार्ड हाताने करायचं, आणि त्यात ज्याला द्यायचं त्याच्याच घरातली, त्याच्या नकळत उचललेली एक वस्तू हवी. पुडकं हातात घेतल्यावर, उघडायच्या आधी, घेणाऱ्याला एकदाच ओळखायची संधी. ओळखलं, तर देणारा हरला. नाही ओळखलं, तर घेणारा हरला. हरणाऱ्याने जुन्या पडद्याचा झालरीवाला एप्रन घालून सगळ्यांची भांडी घासायची.

तो एप्रन गेली एकोणीस वर्षं फ्यूजच घालत होता. आता तर तो त्याच्या पोटाच्या मापाचा झाला होता.

कारण त्याची जोडी ताईशी. ताई गणित शिकवते. परीक्षेच्या हॉलमध्ये पोराचा कान किती लाल झालाय त्यावरून चिठ्ठी कुठल्या मोज्यात आहे ते सांगते. एका वर्षी फ्यूजने तिच्या मोडक्या फूटपट्ट्यांची फोटोफ्रेम केली. तिने पुडकं नुसतं कानाशी धरलं आणि म्हणाली, “लाकडी फूटपट्टी. पंधराच्या आकड्यापाशी तुटलेली.” फ्यूज गुपचूप एप्रन आणायला उठला.

यंदा मात्र त्याने थेट बेलवर हात मारला होता.

ताईच्या दारावरची बेल म्हणजे एक प्रकरणच होतं. घर्रर्र. पत्र्यावरून लोखंडी खुर्ची ओढावी तसा आवाज. बटण दाबणारा पाहुणा स्वतःच दोन पावलं मागे सरकायचा. आणि ती वाजली की ताई घरात असेल तिथून, हातात असेल ते टाकून, तीस वर्षं एकच वाक्य म्हणत निघायची: “आले, आले, दार तोडू नका.” फ्यूजने एकदा येता-जाता बेलची आतली वायर सैल केली. दुसऱ्या दिवशी ताईचाच फोन, बेल मेली, येऊन बघ. त्याने बघितलं, मान हलवली, गेली म्हणाला, आणि पाखरासारखी किलबिलणारी नवी बेल बसवून जुनी पिशवीत घातली. मालकिणीच्या डोळ्यांदेखत.

मग दुकानाच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं. कार्ड म्हणजे ताईचं दार. जाड पुठ्ठ्याचं, वहीएवढं, आतून पोकळ. त्याला तोच हिरवा रंग. खाली भाचीची, म्हणजे ताईच्या लेकीची, सायकल आपटून जिथे टवका उडाला होता, तिथे ब्लेडने तेवढाच टवका. दारातून बाहेर बघायच्या काचेच्या जागी शर्टाचं बटण. पोकळीत बेल आणि बॅटरी. दार उघडलं की बेल. गिऱ्हाइकांचे मिक्सर, इस्त्र्या रांगेत ताटकळत होते आणि हा जिभेचं टोक बाहेर काढून कार्डाच्या बिजागऱ्या चिकटवत होता. बायकोने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “आपल्या लग्नात एवढा जीव ओतला नव्हतात.”

एकच खोट होती. कार्ड उघडताक्षणी बेल वाजली, तर ताईला कळणारच की आवाज कार्डातून येतोय. ती हसेल, संपलं. फ्यूजला तेवढं नको होतं. त्याला हवं होतं की ताईने कार्ड उघडावं, त्याच्या अक्षरातल्या चुका काढत बसावं, आणि मग बेल वाजावी, म्हणजे ती नेहमीसारखी उठून दार उघडायला जाईल. फक्त वीस सेकंदांचा उशीर हवा. त्याने दोरा लावून पाहिला, स्प्रिंग लावून पाहिली. कधी लगेच वाजे, कधी वाजेच ना.

रविवार चार दिवसांवर आला, तेव्हा ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. भाऊजींचे कान गेले, म्हणाली. आधीच छापखान्यात मशीनवर तीस वर्षं काढल्यामुळे थोडं कमी ऐकू यायचं, पण आता दारात कोणी बेल वाजवून वाजवून परत जातं आणि यांना पत्ता नसतो. परवा ती स्वतः किल्ली विसरली, तर पाऊण तास बाहेर उभी. सुट्टी लागली की डॉक्टरकडे न्यायचं आहे. “मी शाळेत असताना घरात काही झालं, कोणी आलं, तर?” ताई फोनवर गप्प झाली, हे फ्यूजने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

फोन ठेवल्यावर त्याची नजर टेबलावरच्या बेलवर गेली. त्याने मनात दिवस मोजले. कधीपासून ऐकू येईनासं झालं? नवी बेल बसवली तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी ताई शाळेत असताना कार्ड पिशवीत घालून तो तिकडे गेला. दार लोटलेलंच होतं. आत दाराकडे तोंड करून, स्टुलावर, हात गुडघ्यांवर ठेवून भाऊजी बसले होते. टीव्ही बंद, पेपर घडीत. कोणी आलं तर दिसावं, म्हणून ते सकाळपासून दाराकडे बघत बसत. स्टुलाने वाट अडली म्हणून ते घाईने उठले, फ्यूजला आत घेतलं आणि चहा टाकायला वळले.

फ्यूजने पिशवीत हात घालून कार्डातल्या बेलच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींना टेकवल्या.

घर्रर्र.

भाऊजी चहा सोडून दाराकडे गेले. दार उघडलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, जिन्यावरून खाली वाकून पाहिलं. मग दार लावलं, आणि हात कडीवर असतानाच थांबले.

“बेल वाजली,” ते म्हणाले. “मला ऐकू आली.”

मग फ्यूजने सगळं ओकून टाकलं. चोरी, सैल वायर, पाखरू. दुकानात रोज स्पीकर उघडणारा माणूस तो, त्याला हे आधीच सुचायला हवं होतं: मशीनच्या खडखडाटाने कानाचे बारीक आवाज आधी जातात, जाडे राहतात. नवी बेल भाऊजींना ऐकू येणं शक्यच नव्हतं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाले, “पुन्हा वाजव.” त्याने वाजवली. “पुन्हा.” पाचव्यांदा वाजली तेव्हा भाऊजींनी स्टूल उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं.

फ्यूजने स्क्रू-ड्रायव्हर काढला. बेल आत्ताच्या आत्ता जागेवर बसवतो, ताईला संध्याकाळी सांगतो, एप्रनही घालतो, असं म्हणत तो शिडी शोधायला लागला. भाऊजींनी त्याचं मनगट धरलं.

“रविवारपर्यंत थांब.”

“भाऊजी, ताईच्या जिवाला घोर लागलाय.”

“अरे, रोज सकाळी ती मला चहा हवा का विचारते ते चार घरांना ऐकू जातं. आणखी तीन दिवस विचारू दे.” मग त्यांनी आवाज खाली आणला, घरात तिसरं कोणी नसताना. “आणि एक सांगतो. एकोणीस वर्षं तू काय उचललंस ते तिला कसं कळायचं, असं वाटलं तुला?”

फ्यूजने स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा खिशात घातला.

“फूटपट्टी?” तो म्हणाला.

“मीच. तू गेलास की मी घरभर फिरून बघायचो काय कमी झालंय ते. मग रविवारी तिने माझ्याकडे बघितलं की खूण करायचो. आम्हा दोघांचा खेळ होता तो.” भाऊजी चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे लाल झाले. “बेलचं काही लक्षात आलं नाही. दुरुस्ती समजलो. हे तुझं भारी होतं.”

एकोणीस वर्षांची भांडी फ्यूजच्या डोळ्यांपुढून गेली. कढया, पातेली, तो करपलेल्या दुधाचा टोप. चिडावं की हसावं ते त्याला ठरवता येईना, तोवर हसू येऊन गेलं होतं. त्याने कार्ड काढून भाऊजींपुढे ठेवलं, वीस सेकंदांची अडचण सांगितली. भाऊजींनी कार्ड उलटं-पालटं केलं, पुठ्ठ्याची कापलेली कड बोटाने पाहून नापसंतीने ओठ मुडपले, आणि कपाटातून एक डबी आणली. छापखान्यात कानात घालायचे स्पंजचे बोळे. चिमटीत चुरून बारीक करायचा, सोडला की हळूहळू फुगत जातो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

बोळा कार्डाच्या दाराच्या आत, त्या दोन पट्ट्यांच्या मागे बसवला. दार बंद असताना दबलेला. उघडलं की सावकाश फुगणार आणि पट्टीला पट्टी टेकवणार. पहिल्या खेपेला पाच मोजेपर्यंत वाजली. दुसऱ्या खेपेला पंचेचाळीस. भाऊजींनी बोळ्याचा तुकडा कापला, पुन्हा कापला, पुठ्ठ्याच्या कडाही नव्याने सरळ करून दिल्या. एकवीस, बावीस, घर्रर्र. दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष स्वयंपाकघरात एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. टाकलेला चहा आटून भांडं काळं पडलं ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ताई यायच्या आत ते भांडं घासून ठेवावं लागलं. फ्यूजने घासलं, सवय होती.

रविवारी घर भरलं. आधी ताईने भावाला भेट दिली: एक लांबुडकं, मऊ पुडकं. फ्यूजने दाबून पाहिलं आणि आपला जुना मफलर म्हणून ठोकून दिलं. उघडलं तर आठ महिने हरवलेला त्याचा लाडका टेस्टर, ज्याच्यासाठी त्याने शेजारच्या दुकानदाराशी बोलणं सोडलं होतं. त्याला ताईने लोकरीचं, गोंडेवालं कव्हर विणलं होतं. सुट्टीला बाहेरगावाहून आलेली भाची टाळ्या पिटत एप्रन घेऊन आली. म्हणजे एक बाजू तर गेलीच.

मग ताईच्या हातात कार्डाचं पुडकं आलं. तिने वजन घेतलं, हलवलं, वास घेतला. आणि मग तिने हळूच नवऱ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं हा कटाक्ष फ्यूजच्या नाकासमोरून जात होता आणि त्याला कधी दिसला नव्हता. भाऊजी छताकडे बघत होते. छतात एवढं बघण्यासारखं काय होतं, देव जाणे.

“टॉर्च,” ताई म्हणाली, पण शेवटी आवाज डगमगला.

चूक. भाचीचा हात हवेतच राहिला. ताईने कागद सोडला, आपलं दार पाहिलं, टवक्यावर बोट फिरवलं, आणि ते उघडलं. आत फ्यूजच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मीच आहे, उघड.’ फ्यूज मनात मोजत होता. तिने चष्मा लावला. ‘उघड’मधला ‘घ’ हा ‘ध’ दिसतोय म्हणाली. सतरा. कार्ड टेबलावर उभं ठेवलं. एकोणीस. रंग मात्र अगदी—

घर्रर्र.

“आले, आले, दार तोडू नका,” म्हणत ताई उठली, पदर सावरला, बैठकीची खोली ओलांडली, पॅसेज ओलांडला, आणि दार सताड उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. मागे बेल वाजतच होती. ताईची पाठ हळूहळू ताठ होत गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. मग जे हसू फुटलं त्यात कोण काय बोललं ते कोणालाच कळलं नाही. भाची हसून हसून खुर्चीतून खाली घसरली होती.

ताई परत आली. भावाकडे तिने बघितलंही नाही. ती सरळ भाऊजींसमोर जाऊन उभी राहिली.

“तुम्हाला ऐकू आली?”

“आली.”

“ही आली? आता वाजली ती?”

“गुरुवारपासून येतेय.”

ताई त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग तिचे डोळे बारीक झाले. परीक्षेच्या हॉलमधले डोळे.

“गुरुवारपासून. म्हणजे शुक्रवारी तुमच्या शेजारी बसून मी लेकीला फोनवर जे सांगत होते, ते?”

“तू म्हणालीस,” भाऊजी सावकाश म्हणाले, “की कान गेले तर जाऊ देत, मी दोघांच्या वाटचं ऐकीन. पण हा माणूस स्टुलावर बसलेला बघवत नाही.”

ताईच्या कानाची पाळी लाल झाली. मोज्यात चिठ्ठी असलेल्या पोरासारखी.

मग तिने भाचीच्या हातातला एप्रन ओढून घेतला, स्वतःच्या गळ्यात घातला, आणि शिक्षा सुनावली. ती हरली, मान्य. पण पेपर दोघांनी मिळून सोडवलाय, ही कॉपी आहे. तेव्हा ती घासेल, भाऊजी विसळतील, आणि फ्यूज भांडी पुसायच्या आधी बेल दारावर बसवून देईल. आत्ता. कार्ड मात्र तिचंच, ते कपाटावर राहील.

फ्यूजने आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम आपल्या हाताने उकललं. बॅटरी काढली, बेल काढली, स्पंजचा बोळा खिशात टाकला, आणि गोंडेवाला टेस्टर घेऊन शिडीवर चढला. पाखरू उतरलं, घर्रर्र जागेवर बसली. खाली शिडी धरायला भाऊजी होते. वायर जोडून होताच ते शिडी सोडून दाराबाहेर गेले आणि बटणावर बोट ठेवलं. मग पुन्हा ठेवलं. मग पुन्हा.

मोरीतून, कोपरापर्यंत फेस, गळ्यात झालर, ताईचा आवाज आला. या खेपेला ती मुद्दाम मोठ्याने ओरडली नव्हती, तरी तो दारापर्यंत पोचला.

“आले, आले. दार तोडू नका.”