सहा खाली

‘सहा नंबरच्या कॉटवर पेशंट घ्यायचा नाही. का, ते विचारायचं नाही.’ या वॉर्डात नवी नर्स आली की इन्चार्ज सिस्टर तिला सगळ्यात आधी हे सांगतात. औषधं कुठे ठेवलीत, ते नंतर. ती सहा नंबरची कॉट म्हणजे मी. एकोणतीस वर्षं मी या सरकारी रुग्णालयात आहे आणि मागच्या शुक्रवारपर्यंत माझ्यावर एकही आजारी माणूस झोपलेलं नव्हतं.

रुग्णालय माझ्याहून खूप जुनं. दोनशे खाटांसाठी बांधलं तेव्हा म्हणे लोक हसले होते, एवढे आजारी आणणार कुठून! आता रोज आठशे असतात. खाटा संपल्या की दोन खाटांच्या मध्ये गादी, गाद्या संपल्या की नुसती चादर, तीही जागा भरली की खाटेखाली. खाटेखालच्यांनाही नंबर मिळतो. माझ्याखाली जो असेल त्याच्या केसपेपरवर ‘सहा खाली’ असं लिहितात.

मी आले तेव्हा माझी ऐट होती. पायाशी एक दांडा आहे. तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर उचलली जाते आणि माणूस टेकून बसू शकतो. अशी कॉट तेव्हा इथे एकच. त्याच आठवड्यात वरून पाहणी समिती यायची होती. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, “समिती बघून जाईपर्यंत हिच्यावर कुणाला घेऊ नका.” समितीची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. मोठे डॉक्टर निवृत्त झाले, नंतर वारलेही. हुकूम मागे घ्यायचा मात्र राहून गेला.

पुढे कारण कुणाच्या नीट लक्षात राहिलं नाही, त्यामुळे नियम जास्तच कडक झाला. कुणी म्हणे, कुठलीशी समिती यायचीय. कुणी म्हणे, साहेबलोकांसाठी राखीव आहे. कुणी म्हणे, पाय कच्चा आहे. झाडूवाल्या मावशी तर मला वळसा घालून जातात. पण चादर रोज सकाळी बदलली जाते. स्वच्छ काढायची, धुवायला टाकायची, दुसरी स्वच्छ घालायची.

चार महिन्यांपूर्वी एक नवी नर्स आली. वॉर्डबॉयला इथे सगळे मामा म्हणतात. त्या मामांनी आठ दिवसांत तिचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवलं.

“मामा, ही कॉट रिकामी का?”

“मी नोकरीला लागलो तेव्हापासून रिकामीच आहे, पोरी.”

“‘का’ विचारलं मी. ‘कधीपासून’ नाही.”

“समिती यायचीय.”

“कुठली समिती?”

“मला काय ठाऊक? मी काय समितीचा जावई आहे?”

मागच्या मंगळवारी ‘सहा खाली’ एक बाई आली. फुफ्फुसांत पाणी झालेलं. आडवं केलं की दम कोंडायचा, आणि माझ्याखाली ताठ बसण्याइतकी उंची नाही. म्हणून तिची लेक तिला घेऊन अर्धी बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेत बसली. आईच्या पाठीला पाठ लावून. तीन दिवस ती लेक हीच आईची उशी होती. ट्रॉली आली की मामा ओरडायचे, “पाय आत घ्या!” आणि दोघी पाय माझ्याखाली ओढायच्या.

शुक्रवारी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. आताचे. कागद बघून म्हणाले, “हिला बसतंच ठेवा.”

“कशाला टेकवून, सर?” नव्या नर्सने विचारलं.

“मुलगी आहे की.”

त्याच वेळी मुलीला डुलकी लागली. ती एका अंगावर कलंडली, आई मागच्या मागे फरशीवर गेली. तोंड उघडं, ओठ काळेनिळे. नर्सने पुढे होऊन तिच्या बगलांत हात घालून तिला धरलं, लेकीने पाय उचलले आणि दोघींनी तिला माझ्यावर घेतलं. दांडा गंजला होता. नर्सने त्यावर सगळा भार टाकला तेव्हा कुठे तो कुरकुरत फिरला. बाई टेकून बसली. थोड्या वेळाने तिचा कोंडलेला दम मोकळा होत गेला. माणसाचं वजन मला पहिल्यांदाच कळलं. ते फार नव्हतं.

“उतरव तिला,” सिस्टर म्हणाल्या. “पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी?”

“विचारायचं नाही, असं. मी कुठे विचारलं? झोपवलं.”

“आणि समिती आली म्हणजे?” मामा पुटपुटले.

“एकोणतीस वर्षांत एकदा तरी कुणी फोन करून बघितलंत, ती आहे का अजून?”

“हे बघ, आम्ही सगळे काय वेडे म्हणून पाळत आलो?” सिस्टरांचा आवाज चढला.

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. “तिचं बरोबर आहे. आपण वर एक अर्ज करू. उत्तर येईपर्यंत पेशंटला खाली घ्या.”

“मी नाही घेणार, सर. तुम्हाला घ्यायचं असेल तर तुम्ही घ्या. ती जागी आहे. आधी तिला सांगा, का ते.”

डॉक्टरांनी केसपेपर उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. सिस्टर माझ्या चादरीचा कोपरा उगाच खोचत राहिल्या. मामा ट्रॉलीचं चाक बघू लागले. तिघांची मिळून सत्तर वर्षांची नोकरी माझ्याभोवती उभी होती, आणि बाई माझ्यावर टेकून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.